उन्नतीचा नंबर

सोमवार, २४ फेब्रुवारी २०२५

झाली एकदाची दुरुस्ती! सव्वातीन तास हॉस्पिटलच्या खिडकीसमोर उभा होतो. नातीच्या, उन्नतीच्या, हृदयाच्या ऑपरेशनची नोंद ऑक्टोबरपासून तिथे आहे आणि फाइलवर जन्मतारीख काय तर १४ एप्रिल! दाखल्यावर १३. यादीत नाव घालताना जावयाने, भूपेशने, जयंतीची तारीख ठोकून दिली — घरात वाढदिवस त्याच दिवशी करतो म्हणून. वाढदिवस कधीही करा, कागद तो कागद. ऐन वेळी सरकारी योजनेत याच एका दिवसावरून अडलं म्हणजे?

खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "काका, राहू द्या ना. चालतं असं."

चालतं! मोटारीत तांब्याची तार भरताना एक वेढा कमी पडला तर चालतं का? कॅम्प चारमधल्या दुकानात तेवीस वर्षं मोटारींचं रिवाइंडिंग करतोय. आयटीआयची पायरी चढलो नाही, सगळं बघून आणि वाचून शिकलो. पण माझी भरलेली मोटार परत आलेली नाही.

दुरुस्तीच्या अर्जावर सही केली, पोच घेतली. गेल्या सोमवारी ऑपरेशनच्या यादीत नंबर ८८ होता. जून-जुलैत होऊन जाईल.

सोमवार, ३ मार्च

फोन केला. नंबर २४१!!

तीनदा विचारलं. "काका, कंप्यूटर दाखवतो तेच सांगते मी." आणि फोन ठेवला. दोन आठवड्यांत दीडशे पोरं पुढे? वशिला, दुसरं काय! चिठ्ठ्या घेऊन घुसले असणार.

गुरुवार, ६ मार्च

सोनिवलीला लेकीकडे, अस्मिताकडे गेलो. नवी कोरी बिल्डिंग, लिफ्ट बंद. उन्नतीला बालवाडीतून आणली होती, ती दुसऱ्या मजल्यावरच पायरीवर बसली. कपाळ घामाने थबथबलेलं. तिथून वर कडेवर नेली. छातीला हात लावला की बेअरिंग गेलेल्या पंख्यासारखी घरघर तळव्याला लागते.

"आजोबा, वाजतंय का?"

"थोडं थोडं."

"मग तुम्ही रिपेर करा ना."

अस्मिताला २४१ चं सांगितलं. ती चपात्या लाटत राहिली. "बाबा, जरा शांत घ्या." शांत! आजारी पोर कुणाची आहे, तिची की माझी?

सोमवार, १७ मार्च

२३०. आठवड्याला साडेपाच. या चालीने जानेवारी उजाडेल. डॉक्टर स्पष्ट बोललेत — हे वर्ष संपायच्या आत छिद्र बुजवा. फुफ्फुसातला दाब एकदा चढला की मग ऑपरेशनही करता येत नाही. हे त्या कंप्यूटरला कोण सांगणार?

शनिवार, २२ मार्च

तक्रार अर्ज लिहिला. अकरा पानं, दोनदा पक्कं केलं. शेजारच्या महेंद्रला वाचायला दिला, तो कलेक्टर कचेरीत आहे. म्हणतो, "राजाभाऊ, बेचाळीस कलमं? अर्ज आहे का राज्यघटना?"

हसू दे. एक कलम कमी केलं नाही. हॉस्पिटलला रजिस्टर पोस्टाने पाठवला.

मंगळवार, ८ एप्रिल

उत्तर नाही.

सोमवार, १४ एप्रिल

जयंती. उन्नतीने केक कापला. मिरवणूक खिडकीतून दाखवली. ढोल आल्याबरोबर नाचायला लागली, तर अस्मिताने घट्ट धरून ठेवलं. खूप रडली. पोरीला नाचायचीही बंदी, आणि तिकडे वशिल्याची पोरं पुढे!

खरं तर चार वर्षं कालच पूर्ण झाली.

सोमवार, २८ एप्रिल

पत्र आलं. एक ओळ — "समक्ष येऊन भेटावे." अकरा पानांना एक ओळ! शुक्रवारी जातो. आता सोडत नाही कुणाला.

शुक्रवार, २ मे

ठरवून आवाज चढवला. रांगेतली माणसं माझ्या बाजूने झाली. बाईंच्या जागी आज दुसराच क्लार्क होता. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली.

उन्नतीच्या नावाने दोन नोंदी. पहिली ऑक्टोबरची — २४ फेब्रुवारीला बंद. कारण : पालकांच्या विनंतीवरून जन्मतारखेत बदल. दुसरी त्याच दिवशी उघडलेली. नंबर तिथून मोजला जातो.

"कोणी घुसलं नाही काका. तारीख बदलली की कंप्यूटरला तो नवीन पेशंट."

विनंती अर्जाचा फोटोही होता त्यात. खाली माझी सही. सुवाच्य, रेषेवर.

मागून एकजण ओरडला, "सोडू नका काका, धरून ठेवा त्याला!" मी पिशवी उचलली आणि बाहेर आलो. पुढे काय करायचं हेही विचारलं नाही.

ऑक्टोबरपासूनचे साडेचार महिने. मी घालवले.

शनिवार, ३ मे

सोनिवलीला जाऊन अस्मिताला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "माहितीये." खिडकीतल्या बाईंनी तिला फेब्रुवारीतच फोन करून जुनी नोंद बंद झाल्याचं कळवलं होतं. तिने तेव्हाच चार ओळींचा अर्ज दिला, कामावर खाडे करून पाच वेळा जाऊन आली. आज सकाळी त्यांचा फोन आला — जुनी नोंद परत उघडली. नंबर ३४.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही माझा अर्ज पण दुरुस्त करायला गेला असता, बाबा."