तिसरी पिन

१२ जानेवारी, सोम.
धाकटा भाऊ धना जाऊन काल सात आठवडे झाले.
दुपारी रेश्माचा सांगलीहून फोन. जावईबापूंनी नवीन गाडी घेतली आहे. घरच्या घरी धुवायला प्रेशर वॉशर घ्यायचा म्हणतात. रेश्माचा विरोध. काकाचं तसं झाल्यापासून तिला त्या मशीनचं नावही नको आहे. दोघांत चार दिवस वाद. शेवटी हिने अट घातली, आप्पांनी बघून सांगितला तरच घरात येईल.
मी म्हणालो, मलाच कशाला मध्ये घेता.
"आप्पा, काकाला दुकानदारानं खराब पीस दिला, त्यात तुमचा काय दोष? तुमच्याइतकं बारकाईनं कोण बघतं?"
हो म्हणालो. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

१३ जा.
जुना कागद सापडला. कॅलेंडरच्या पानामागे केलेला तक्ता. दिवाळीआधी धनासाठी केला होता. बावीस वर्षं फौजेत काढली पण माहितीपत्रक वाचायचा त्याला कंटाळा. "दादा, तू बघून सांग. मी फकस्त पानी मारनार."
पाच मशीनं, सात रकाने. वॅट. पाण्याचा दाब, बारमध्ये. मिनिटाला पाणी किती. पाईपची लांबी. वायरची लांबी. बादलीतून पाणी ओढतं का. दुरुस्ती कुठे होते.
अर्थिंगचा रकाना नाही.
कऱ्हाडला त्या दुकानात दोनदा जाऊन बसलो होतो. निवड बरोबरच होती. आजही तेच घेतलं असतं.

१४ जा. संक्रांत.
गल्लीतल्या बायका वाणाची ताटं घेऊन फिरत होत्या. आमच्या अंगणाकडे कुणी वळलं नाही. धनाच्या बायकोने, शोभाने, दार लोटून घेतलं होतं.
एकच अंगण, दोन दारं. उजवीकडचं माझं, डावीकडचं धनाचं. मध्ये त्याची गाडी, त्या दिवशी होती तशीच. डावी बाजू धुतलेली. उजव्या बाजूला साबणाचे ओघळ वाळून पांढरे झालेत. वरून उसाच्या जळलेल्या पाचटाची काळी राख पडते रोज. कुणी पुसत नाही.
एक वाजता शोभा ताट घेऊन आली. माझी बायको मालती जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून माझं जेवण त्यांच्याकडून येतं. शोभा डोक्यावर पदर घेते, उंबऱ्यावर ताट ठेवते. "दादा, जेवान." मी "हां" म्हणतो. मी थोरला दीर. पंचवीस वर्षांत आमचं याहून लांब बोलणं झालं नाही. जे झालं ते धनाच्या मार्फत.

१५ जा.
शोभाचा भाऊ संपत वडूजहून मोटारसायकलवर आला. अंगणातच उभा राहून बोलला. "पोलिसांत लेखी देनार आवं मी. मानूस गेलाय आमचा. त्याचं दुकान उघडं कसं ऱ्हातंय बघतोच."
दुकानदाराने कळवलं आहे की ता. २९ ला त्याचा मेकॅनिक येईल, सगळ्यांसमोर मशीन उघडून बघेल. मग काय ते ठरवा.
"मशीन कुठं हाय?"
"माझ्या माळ्यावर."
"हात लावू नका त्याला. हाय तसं ऱ्हाऊ द्या."
जाताना शोभाला म्हणाला, चल वडूजला, हितं एकटी काय करतीस. ती आतूनच म्हणाली, "दादांचं जेवान कोन बघल?"
संपत वाईट माणूस नाही. तिसऱ्या दिवशी तोच पहिल्यांदा म्हणाला, पीसच खराब होता. सगळे हो म्हणाले. मी तिथेच बसलो होतो.

१६ जा.
लिहून टाकतो. ही वही कुणी वाचत नाही.
मशीन घरी आलं त्या दिवशी धनाच्या पडवीतून वायर गाडीपर्यंत पुरेना. त्याने जुना एक्स्टेन्शन बोर्ड काढला. दोन भोकांचा. मशीनचा प्लग तीन पिनांचा. "दादा, बसंना की ही."
मी म्हणालो, थांब. माझ्याकडून हॅक्सॉ ब्लेड आणलं. वरची जाड पिन कापली. पाच मिनिटंही लागली नाहीत. प्लग बसला. मशीन चालू झालं. धना म्हणाला, "आमच्या दादाकडं सगळ्याला इलाज हाय."
चार रविवार काही झालं नाही. पाचव्या रविवारी त्याने मशीन सरकवायला लोखंडी दांडी धरली. अनवाणी होता. खाली पाणी.
मी वायर ओढून काढली तोवर...
पंचनाम्यात विजेचा धक्का एवढंच आहे. मशीन मीच गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवलं. प्लग कुणी बघितला नाही.
ती पिन कशासाठी असते ते मला माहीत होतं. कॉलेजच्या ऑफिसात तीस वर्षं काढली. वर्कशॉपच्या भिंतीवरची अर्थिंगची पाटी रोज बघायचो. माहीत होतं आणि कापली.

१८ जा. रवि.
सांगलीला गेलो. जावईबापूंबरोबर दुकानात दोन तास.
सेल्समन म्हणाला, "काका, दोनशे बारचं घ्या, चिखल राहणारच नाही."
"रंग पण राहणार नाही."
जावईबापू मोठ्याने हसले. मलाही हसू आलं. मग लाज वाटली.
गाडीला शंभर-सव्वाशे बार पुष्कळ. रुंद फवाऱ्याचा नोजल, आणि गन हातभर लांब धरायची. मोटर इंडक्शनची घ्यावी, जड असते पण टिकते. पंप पितळी. टाकीच्या पाण्याला जोर नसतो म्हणून बादलीतून ओढणारं. हे सगळं सांगितलं. मग अर्थिंगचं विचारलं. वायरीत आत तारा किती, बॉडीला अर्थिंग कुठे जोडलंय, वायरीवर शॉक लागला की बंद पाडणारी डबी आहे का. सेल्समन कंटाळला. "काका, एवढं कोण विचारत नाही ओ."
डबीवालं एकच होतं, तेही मागवावं लागणार. तेच ठरवलं.
त्यांच्या घरी येऊन पोर्चचा बोर्ड उघडायला लावला. भोकं तीन, पण मागे अर्थिंगची वायरच नाही. नुसती दाखवायला भोकं. ती ओढल्याशिवाय मशीन लावायचं नाही असं बजावून सांगितलं. जावईबापू म्हणाले, "आप्पा, तुम्ही असल्यावर आम्हाला कसली काळजी."
रेश्माने डबा दिला. जेवण गेलं नाही.

२१ जा.
कऱ्हाडच्या दुकानदाराचा फोन. मलाच केला.
"साहेब, तुम्ही किती विचारून मशीन नेलंत. मला आठवतंय सगळं. माझं काय चुकलं असेल तर तुम्हीच सांगा. तुम्ही सांगाल ते मान्य करतो. घरात अन्न गोड लागंना झालंय."
मी म्हणालो, बघू.
बघू म्हणालो.

२३ जा.
कडेगावला पेन्शनच्या कामाने. येताना इलेक्ट्रिकच्या दुकानात तीन पिनांचा टॉप, म्हणजे नवा प्लग, घेतला. त्याने पांढरा काढला. मी काळा आहे का विचारलं. मशीनचा प्लग काळा आहे.
हे मी केलं. कुणी करायला लावलं नाही.

२५ जा. रवि.
मशीन माळ्यावरून उतरवलं. गोणपाट सोडतच होतो, तेवढ्यात शोभा ताट घेऊन आली. नेहमीपेक्षा लवकर. मशीन बघून दारातच थबकली. मी प्लग पायाखाली सरकवला.
"ते कशाला काढलं, दादा?"
"गुरुवारी मेकॅनिक यायचाय."
ताट ठेवून ती गेली नाही. पदर धरून उभी. मग माझ्याकडे न बघता बोलली. "मी त्यास्नी म्हणलं हुतं, चपला घाला. दारातच हुत्या. मी उचलून न्हेऊन दिल्या आसत्या तर... भाकरी तव्यावर हुती म्हनून गेले न्हाई मी."
नऊ आठवडे ती हे घेऊन बसली आहे.
तेव्हा बोलायला हवं होतं. तोंडात शब्द आले होते. "जेवतो" म्हणालो.
ताट तसंच झाकून ठेवलं. मशीन परत गुंडाळलं. टॉप बसवला नाही. बसवायचा नाही असं ठरवलं असंही नाही. कपाटात आहे.

२७ जा.
संपतचा फोन. गुरुवारी येतोय, अर्ज लिहून तयार आहे. "तुमची पन सही लागंल. तुमीच थोरले."
हां म्हणालो. सगळ्याला हां.

२८ जा. बुध.
स. दहाला जावईबापूंचा फोन. मशीन आलं. डबीवालंच आलंय, अर्थिंगही ओढून झालं. आवाजात उत्साह. मागे बादलीत पाणी पडत होतं.
"आप्पा, एकच अडचण. गाडी गेटबाहेर आहे, वायर तिथवर जात नाही. शेजारच्या काकांनी एक्स्टेन्शन बोर्ड दिलाय, पण तो दोन भोकांचा. ते म्हणतात वरची पिन उडवली की बसतो, ब्लेड घेऊनच आलेत. उडवू का?"
मी काय बोललो ते नीट आठवत नाही. ओरडलो एवढं खरं. "हात लावू नका! मी कापली होती. धनाची पिन मी कापली होती. म्हणून गेला तो."
पलीकडे नुसतं पाणी. मग कुणीतरी नळ बंद केला. ते शेजारी हळूच म्हणाले, "राहू द्या, राहू द्या." मग रेश्मा, "आप्पा?" तिने फोन ठेवला.
बारा वाजता तिचा परत. रडून झालं होतं. गाडी गेटच्या आत घेतली, मशीन पोर्चच्या बोर्डावर लावलं, हे आधी सांगितलं. मग विचारलं, "काकूला माहीत आहे?"
"नाही."
"तुम्ही सांगताय का मी येऊ?"
"मी."
"मेकॅनिक यायच्या आधी, आप्पा. त्यानं दाखवल्यावर नाही."

२९ जा. गुरु.
स. साडेसातला मी स्वतः पलीकडच्या दारात गेलो. धना असताना हाक मारून जायचो, आज खोकलो फक्त. शोभा चुलीपुढे होती. पदर घेऊन उठली.
सगळं सांगितलं. बोर्ड, ब्लेड, पिन. कडेगावहून आणलेला टॉपसुद्धा. चपलांमुळे काही झालं नाही, तू ते मनातून काढ, हेही सांगितलं. चुलीवरचं दूध उतू गेलं ते तिने बघितलं नाही.
मग म्हणाली, "त्या दुकानदाराला सांगितलं का?"
"नाही अजून."
"आदी त्याला सांगा."
एवढंच. मग चुलीपुढचं दूध फडक्याने पुसायला लागली.
अंगणात उभा राहून दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "मेकॅनिक निघालाय साहेब, येऊ दे का?" म्हणालो, येऊ दे. सगळ्यांसमोर होऊ दे.

अकराला मेकॅनिक आला, त्याआधी संपत. गोणपाट मी सोडलं. प्लग वर काढून ठेवला. मेकॅनिकने तो हातात घेतला, कापलेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे बघितलं. मशीन उघडलंच नाही.
संपत म्हणाला, "काय हाय? बोल की गड्या."
मी म्हणालो, "तो नाही. मी बोलतो."
बोललो. संपतने अर्ज खिशातून काढला, परत ठेवला. मला वाटलं अंगावर येईल. आला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "नऊ आठवडं, दादा? नऊ आठवडं माझ्या भनीच्या हातचं जेवताय?"
मेकॅनिक चहा न घेता गेला.
मग संपत धनाच्या दाराकडे तोंड करून म्हणाला, "शोभे, कापडं भर. हितं न्हाई ऱ्हायाचं." ती उंबऱ्यात उभी होती. सगळं ऐकलेलं होतं. भावाकडे बघितलं, माझ्याकडे नाही. आत गेली.

दु. दीड. अजून बाहेर आलेली नाही. पत्र्याची ट्रंक सरकवल्याचा आवाज आला एकदा, मग काही नाही. संपत मोटारसायकलला टेकून उभा आहे. मी माझ्या दारात. दोघांच्या मध्ये गाडी.