साताचा ठेका

प्रिय ठकू,

परवा फोनवर तू आईबद्दल विचारलंस आणि मी विषय बदलला. मग आपण तुझ्या गळक्या नळाबद्दल बोललो आणि फोन ठेवला. पण तुझा प्रश्न काही मनातून गेला नाही. शेवटच्या त्या आठवड्यांत आई दवाखान्यात कानांवर हेडफोन लावून, डोळे मिटून पडून असायची. तू एवढ्या लांबून यायचीस, तरी दोन शब्दांपलीकडे बोलायची नाही. तू म्हणालीस, "बाबा, तिनं आपल्याला आधीच दाराबाहेर ठेवलं होतं ना?" नाही म्हणावं असं फार वाटलं. पण मलाही तेच वाटत होतं, आणि तुझ्याशी खोटं बोलायला जीभ रेटेना.

आईचं ते संगीत मला कधी झेपलं नाही, हे तुला ठाऊकच आहे. प्रोग्रेसिव्ह मेटल हे नावच मला एखाद्या पत्र्याच्या कारखान्याचं वाटायचं. एकेक गाणं पंधरा-वीस मिनिटांचं. कुणीतरी मानगूट धरल्यासारखा ओरडणार, मग एकदम सगळं मऊ होणार, आणि आपण जरा पाठ टेकावी तर भांड्यांचं कपाट कोसळणार. मी म्हणायचो, शेजारी पोलिसांना बोलावतील. ती म्हणायची, "तुमच्या कवायतीच्या शिट्टीला आजवर बोलावलं नाही, याला कशाला बोलावतील?" कृत्रिम दात बनवायच्या लॅबमध्येही ती हेच ऐकत काम करायची. पोर्सिलेनचा एक थर भट्टीतून भाजून येईपर्यंत एक गाणं, असं तिनं बसवून टाकलं होतं. किती माणसं आज त्या आरडाओरड्यात घडलेले दात दाखवून हसत असतील, त्यांचं त्यांना माहीत नाही.

माझी खरी तक्रार आवाजाची नव्हती, तालाची होती. मी कवायतीचा मास्तर. एक-दोन-तीन-चार, डावा पाय, उजवा पाय, यात माझं आयुष्य गेलं. तिची गाणी लागली की माझा पाय आपोआप चालू व्हायचा आणि थोड्याच वेळात अडखळायचा. मी म्हणायचो, या लोकांना चार पावलं सरळ टाकता येत नाहीत, माझ्याकडे पाठवून दे. ती म्हणायची, "अहो, ते सातात आहे, सात मात्रांचं." मी म्हणायचो, मग आठवं कुणी खाल्लं? यावर तू आणि ती माझ्याकडे अशा काही बघायच्या की मी मुकाट्यानं वर्तमानपत्र उघडायचो.

ती गेल्यावर लॅबमधली मेणाची मावशी घरी आली. तुला आठवते ना, मेणाचे दात कोरणारी, आईच्या शेजारच्या टेबलावर बसायची ती. आईचा एप्रन, कप आणि छोटा स्पीकर घेऊन आली होती. मी म्हटलं, कपाटातल्या तिच्या गाण्यांच्या सगळ्या सीड्याही घेऊन जा. मला त्या कपाटाकडे बघवत नाही. खरं सांगायचं तर मला राग होता. माणसाचा राग धरता येत नाही, मग कपाटाचा धरला. मावशी म्हणाली, "नेते की भाऊजी. पण आधी एकदा ऐकून बघा." मी विचारलं, तुम्हाला तरी आवडतं का ते? तर म्हणते, "आवडतंय कुठलं. पहिल्या आठवड्यात तर मी हातातलं मेण कानांत घालणार होते. मग ही म्हणाली, गिटारच्या मागे धावू नकोस, ड्रमवरच्या झांजेकडे लक्ष ठेव. तेव्हापासून सोसतं. एवढंच." आणि रिकाम्या हातानं निघून गेली. मोठी वस्ताद बाई आहे.

मग मी ऐकायला बसलो. शाळेतून आल्यावर, बूट न काढताच, म्हणजे पळून जायला बरं. आईच्या फोनमध्ये जे शेवटचं वाजलं होतं तेच लावलं. पहिल्या दिवशी तो ओरडणारा सुरू झाला आणि मी उठून चहा टाकला. दुसऱ्या दिवशीही चहाच झाला. त्यानंतर मात्र चिडून बसलो. म्हटलं, पोरं सकाळच्या उन्हात माझा आवाज सहन करतात, मला एका माणसाचं ओरडणं सहन होऊ नये? गिटार मोजायला लागलो. सात खरंच होते. पण सात मोजून पुन्हा एकवर यायचं म्हणजे प्रत्येक फेरीला दारात ठेच लागल्यासारखं वाटायचं. तेव्हा मावशीचं बोलणं आठवलं. गिटार सोडून दिली आणि झांज धरली.

ठकू, झांज चारात वाजत होती. साधी, सरळ, माझ्या शाळेतल्या मैदानावर वाजावी तशी. गिटार आपली सातात फिरत होती आणि झांज तिच्याकडे ढुंकूनही न बघता चारात चालली होती. दोघांची पहिली थाप सुरुवातीला एकत्र पडते, मग चुकत जाते. वाटतं, आता हे काही जुळायचं नाही. पण गिटारच्या चार फेऱ्या झाल्या की दोघं पुन्हा बरोबर एकाच थापेवर येतात. मी उठून दिवाणखान्यात चालून बघितलं. पाय एकदाही चुकला नाही. हे इतकी वर्षं माझ्याच घरात वाजत होतं आणि मी त्या लोकांना कवायत शिकवायला निघालो होतो. मला एकट्यालाच हसू आलं. किती दिवसांनी आलं ते मोजलं नाही.

आता जे सांगायचंय ते नीट वाच. दवाखान्यात आई माझा हात हातात घेऊन पडायची आणि तिचं बोट माझ्या मनगटावर सारखं हलत असायचं. मी नर्सला विचारलं होतं. ती म्हणाली, औषधानं कंप येतो कधीकधी. मीही तसंच धरून चाललो. काल गाणं ऐकताना मी झांजेबरोबर माझ्याच मनगटावर बोट आपटत होतो. एक जोरात, तीन हलके. पुन्हा एक जोरात, तीन हलके. आणि हात तसाच थांबला. तो कंप नव्हता. तेच गाणं होतं, आणि तिच्या बोटाचे तेच ठोके. घरात स्वतःसाठी ऐकताना तिचा पाय टेबलाखाली कायम त्या साताच्या नादात असायचा, तू पाहिलं आहेस. पण माझ्या मनगटावर तिनं सात कधीच दिले नाहीत. मला जे झेपतं तेवढंच शोधून माझ्या हातावर ठेवत होती. बोलायचं बळ नव्हतं, तेव्हा हे करत होती. तिनं मला दाराबाहेर ठेवलं नव्हतं.

मी खुर्चीत बसून राहिलो. रडलो असं म्हणता येणार नाही. छातीवरून कुणीतरी पोतं उतरवून ठेवावं तसं झालं. मग बूट काढले, गरम पाण्यानं अंघोळ केली आणि पोटभर जेवलो. मावशीला फोन करून सांगितलं की सीड्या मिळणार नाहीत. ती म्हणाली, "मग काय तर."

हे फोनवर सांगता आलं असतं, पण मी मध्येच फोन ठेवला असता आणि तू घाबरली असतीस. आणि फोनवर तू लगेच काहीतरी उत्तर दिलं असतंस. मला लगेच उत्तर नको आहे. तू आलीस की ती तुझाही हात धरायची. मी खुर्ची तुला देऊन दारापाशी उभा राहायचो, तिथून मला तिची बोटं दिसायची. ती हलत होती, ठकू, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो. पण ती चाल माझी, चाराची नव्हती. ती कुठली होती ते तिथून मला समजलं नाही आणि समजायचं कारणही नव्हतं. ते तुझ्या हातावर होतं. गाणं सोबत पाठवतो आहे. आठवण पुसट व्हायच्या आत एकदा शांत बसून ऐक, आणि तुझ्या मनगटाला विचार.

तुझाच,
बाबा