पितृस्थानी = अवंतिका

१ सप्टेंबर, सोमवार

पोचले बाई एकदाची ग्वाल्हेरला, आणि नोकरी पहिल्याच दिवशी आवडली! खासगी बाजारात खोली मिळाली. स्वच्छ आहे, मी फिनाइलने दोनदा पुसली, ती गोष्ट वेगळी. ऑफिस नया बाजारात, कापडाच्या दुकानाच्या वर. मालक माधवराव सत्तरीचे, घराणं दरबारच्या पुरोहितांचं. बोलतात मराठीत, रागावतात हिंदीत. ज्यांना वेळ नाही किंवा जे परदेशी गेलेत, अशांची श्राद्धं हे परस्पर उरकून देतात. तिथी आली की कॉम्प्युटर आपोआप सगळं हलवतो: घरच्यांना निरोप, गुरुजींना नाव-गोत्र, मागच्या स्वयंपाकघरात शांताताईंना पदार्थांची यादी, शेवटी पान वाढल्याचा फोटो. हे सगळं सांभाळणारा शंतनु सोडून गेला, म्हणून मला बोलावलं. इंदूरहून निघताना आई कुरकुरली, की श्राद्धाच्या धंद्यात कशाला जातेस. मी म्हटलं, मला पिंड थोडेच वळायचेत, बटणं दाबायचीत.

२ सप्टेंबर, मंगळवार

शंतनुने नुसता उकिरडा करून ठेवलाय. प्रोग्रामची सगळी सेटिंग्ज एका फाइलीत आहेत, एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल म्हणतात ती. डावीकडे नाव, मध्ये बरोबरची खूण, उजवीकडे काय हवं ते. सुरू होताना प्रोग्राम ही फाइल एकदाच वाचतो आणि मग त्याबरहुकूम वागतो. घड्याळ परदेशातलं होतं, त्यामुळे बाराचं श्राद्ध साडेपाचला लागायचं! ते मी दुरुस्त केलं.

एक ओळ विचित्र होती: पितृस्थानी=शंतनु. माधवरावांना विचारलं. म्हणाले, पितरांच्या जागी कुणीतरी जेवायला लागतं. पूर्वी ब्राह्मण बसवत, मग कावळ्यावर भागवलं, आता कावळाही धड येत नाही आणि फोटोत न शिवलेलं पान दिसलं की घरचे कटकट करतात. म्हणून तिथे एक नाव लागतं. कोणाचं टाकू, तर विड्याच्या पानाला चुना लावत म्हणाले, तुमचं तुम्ही बघा.

चाचणी करताना आम्ही सगळेच आपलं नाव टाकतो. मीही ‘अवंतिका’ टाकलं आणि प्रोग्राम पुन्हा सुरू केला. ‘आमंत्रण मान्य?’ असं आलं. हो म्हटलं. बाई चालते का, हे काही त्याने विचारलं नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

शी! लिहितानाही मळमळतंय. दुपारी बाराला, डबा उघडायच्या आधीच, माझ्या तोंडात भात आला. पोटातून नाही, बाहेरूनही नाही, जिभेवर होता. गार, गिच्च, काळे तीळ आणि मध घातलेला. थुंकायला बेसिनकडे धावले, पण तो थुंकवेना, गिळावाच लागला. शांताताईंनी पाणी दिलं. बिचाऱ्या म्हणाल्या, वासाने होतं असं, सवय होईल. दिमाग खराब झालाय माझा.

८ सप्टेंबर, सोमवार

पितृपक्ष लागला. आज नऊ पानं होती आणि मी नऊ वेळा गिळलं. घरचे यादीत मृताची आवड लिहितात ना, तसंच येतं: वडे, खीर, घोसाळ्याची भजी. पण चव माझ्या तोंडाची नाही. एका आजोबांच्या खिरीला तंबाखूचा वास होता. एका बाईंच्या वड्याला कवळीची ती रबरी, ओशट चव होती. मी पाच वेळा दात घासले, हिरड्यांतून रक्त आलं तरी वास जाईना. कुणा परक्याचं तोंड माझ्या तोंडात! किळस, किळस नुसती.

९ सप्टेंबर, मंगळवार

शांताताईंनी उचललेलं पान दाखवलं. तिथे कुणी गेलं नव्हतं, तरी वडा खाल्लेला होता आणि त्यावर दातांची खूण होती, मधला एक दात नसलेली. फोटो गेल्यावर मुलाचा रडत फोन आला, की बाबांचा तोच दात पडला होता. माधवराव खूश झाले. मी मोरीत जाऊन ओकायचा प्रयत्न केला. काहीच पडलं नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

किला गेटला शंतनुचं घर शोधून काढलं. पोहे खात होता. हावरटासारखा, बोटं चाटत, थांबेचना. तीन वर्षांत जेवणाला आपली चव आली नव्हती म्हणे. मी ओरडले, माझं नाव काढून दे. तो म्हणाला, दुसऱ्याचं नाव आपण टाकून चालत नाही. ज्याचं त्याने, स्वतःच्या हाताने टाकावं आणि मान्य म्हणावं. त्यानेही पहिल्या दिवशी चाचणीच केली होती.

“मी तुम्हाला फोन करणार होतो,” म्हणाला. “खरंच. मग भूक लागली.”

डुक्कर मेला.

१५ सप्टेंबर, सोमवार

ती ओळच पुसली. प्रोग्राम सुरू व्हायला नकार देऊन बसला. मी आनंदाने टाळी वाजवली. बाराला तरीही आलं — तेवीस पानं. कढी, आणि कढीत पांढरा लांब केस — घशात अजून जाणवतोय. माधवरावांना सांगितलं. त्यांना सगळं ठाऊक आहे. एकदा आमंत्रण घेतलं की पानावरून उठता येत नाही, म्हणाले. दुसरं कुणी बसेपर्यंत.

इंदूरला पळून जाऊ? शंतनु एकदा मुंबईपर्यंत गेला होता. तिथेही आलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज एकतीस. शेवटच्या घासांना श्वास अडकला, नखं निळी पडली. शांताताई पाठ चोळत होत्या.

रविवारी सर्वपित्री. यादी पाहिली — चारशे बारा, शंतनुच्या वेळच्या चौपट. एका दुपारी. मी त्यातून जिवंत उठणार नाही.

माधवरावांनी रविवारी नवी मुलगी बोलावलीय. सोनल. तिला सेटिंग पहिल्यापासून करू द्या, म्हणाले. माझ्याकडे न बघता.

२० सप्टेंबर, शनिवार

नाही. मी तिला सांगणार. मी शंतनु नाही.

आज अठ्ठावीस. एकाला शेवटी नळीने भरवलेलं आवडायचं म्हणे — औषधाची पेज — शी —

सांगणार. आल्या आल्या.

२१ सप्टेंबर, रविवार

सोनल आली. हसरी आहे. घरून माझ्यासाठी पेढे आणलेत. तिला सांगायला तोंड उघडलं, माधवराव मध्येच काहीतरी विचारायला आले. मग राहिलं.

साडेअकरा झाले. ती खुर्चीवर, मी शेजारी. अजून वेळ आहे —

बारा वाजले. सुरू झालं. भात. भात. अमसुलाची चटणी — तोंड भरलं — बोलता येत नाही —

“ताई, इथे टेस्टसाठी माझंच नाव टाकू ना?”

मी मान हलवली. नाही म्हणून. तिला हो वाटलं असेल. टाइप करतेय.

हातात पेन आहे. वही आहे. दोन शब्द मोठ्या अक्षरांत लिहून वही तिच्याकडे फिरवायची, बस — आणि मी इथे लिहितेय, बारीक अक्षरात, माझ्यासाठी —

श्वास — खीर — कुणाचे तरी दात —

‘आमंत्रण मान्य?’ वाचतेय ती. मोठ्याने. हसून —

गेलं. तोंड रिकामं. हवा, नुसती हवा!

सोनल तोंडावर हात धरून माझ्याकडे बघतेय. तिला सांगते. सगळं सांगते. आधी एक चूळ भरून येते, आणि तिचे ते पेढे, एकच, आणि मग —