आयकरवाढीविरुद्ध माझी तीन मिनिटं

आदरणीय आर्डिसताई,

धाकट्या डेल्बर्टचा नमस्कार. भाऊजींची पाठ आता कशी आहे? तुमच्या फ्लोरिडात राज्याचा आयकरच नाही, त्यामुळे बाकी सगळं बरंच असणार. इकडे इलिनॉयमध्ये मका बरा आलाय, मी मात्र बरा नाही.

राज्याच्या तिजोरीला भगदाड पडलंय म्हणून आयकर वाढवायचा घाट घातला होता, ते तुझ्या कानावर आलंच असेल. मी अंगणात ‘करवाढ नको’ची पाटी ठोकली (शेजारच्या लॉयलच्या पाटीपेक्षा हातभर उंच, उगाच कमीपणा कशाला). जाहीर सुनावणीत प्रत्येकाला तीन मिनिटं बोलायला मिळतात, म्हणून आठवडाभर आरशासमोर भाषण घोकलं. नाव पुकारलं, माइकपाशी गेलो आणि पाहतो तर तिसऱ्या रांगेत आपला वेंडेल. आपला हा भोळा भाऊ चाळीस वर्षं त्याच्यासारख्या, मनाने लहानच राहिलेल्या माणसांच्या ज्या सरकारी वसतिगृहात राहतोय, तिथे त्यांची देखभाल करणाऱ्या बाईंनी सगळ्यांना बसने आणलं होतं. कर वाढला नाही तर वसतिगृह बंद, हे आमदारांना डोळ्यांनी दिसावं म्हणून. ताई, मला हे ठाऊकच नव्हतं गं. तिथेच खाली बसायला हवं होतं. पण माझा स्वभाव तुला माहीत आहे, पाठ केलेलं वाया घालवायला जीव होईना. पुरती तीन मिनिटं बोललो. आणि भाऊ बोलतोय म्हणून वेंडेल वाक्यावाक्याला टाळ्या वाजवत होता (बाकी कुणीही नाही, माझ्या बाजूचेसुद्धा माना खाली घालून बसले होते). बाई नुसत्या त्याच्या कोटाची बटणं लावत राहिल्या. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

करवाढीचा ठराव थोडक्या मतांनी पडला. लॉयल सफरचंदाचा केक घेऊन आला, म्हणाला, डेल, तुझ्या भाषणानेच पारडं फिरलं बघ. तो केक मी कोंबड्यांना घातला.

बाकी सगळं ठीक. काळजी नसावी.

तुझा,
डेल्बर्ट

ता. क. ऑगस्टअखेर वसतिगृह बंद होतंय. वेंडेलला मी माझ्याकडे आणतोय, त्यात बोलण्यासारखं काही नाही. पण त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. घरच्याच माणसाने सांगावं, असं बाई म्हणतात. मी तीनदा गेलो आणि तीनदा त्याला आइस्क्रीम खाऊ घालून परत आलो. ताई, तू ये आणि सांग. तुझं तो ऐकतो.

आणखी एक ता. क. पत्र टपालात टाकायच्या आधी चौथ्यांदा जाऊन आलो. ‘वेंडेल, घर आता...’ एवढंच म्हणालो आणि मला रडूच फुटलं. त्याला वाटलं, माझंच घर गेलं. म्हणाला, रडू नकोस डेल, इथे राहा माझ्याजवळ. आणि पलंगावर सरकून त्याने मला जागा करून दिली.