पुढचं वाक्य

१९ ऑगस्ट १९९६, सोमवार

नोकरी लागली, आणि तीही हसायची! माझ्या हसण्यानं गिऱ्हाइकं दचकतात म्हणून शिवणाच्या दुकानातून मला काढून टाकलं होतं. आता त्याच हसण्यावर माझं पोट भरणार. ज्यांनी काढलं त्यांनी बसावं सुया ओवत.

बरबँकचा स्टुडिओ आमच्या ग्लेनडेलच्या घरापासून बसनं जवळच आहे. मायरिकचं, म्हणजे माझ्या आईचं, जेवण आटपून सहज पोचता येतं. विनोदी मालिका आहे, नाव 'वरच्या मजल्यावरचे'. एक गबाळा प्लंबर, त्याची तिखट बायको आणि सतत गळणारं घर, एवढाच संसार. आठवडाभर तालीम आणि शुक्रवारी संध्याकाळी खऱ्या प्रेक्षकांसमोर चित्रीकरण. एकच प्रसंग तीन-तीनदा घेतात. तोच विनोद तिसऱ्यांदा ऐकून कोण हसणार? म्हणून प्रेक्षकांत माझ्यासारखी पगारी माणसं पेरतात. एकानं खळखळून सुरुवात केली की बाकीचे मागून येतात.

मला घेतलं ड्वेन प्रुइटनं. प्रेक्षकांना हसतं ठेवणं हे त्याचं काम, पण चेहरा मात्र मयताला आल्यासारखा. त्यानं मला तिसऱ्या रांगेत मधोमध, वरून टांगलेल्या माइकच्या बरोबर खाली बसवलं आणि हसून दाखव म्हणाला. मी हसले. शिडीवर दिवे बांधणारा गडीही हसायला लागला. असं हसू कित्येक वर्षांत ऐकलं नाही, असं ड्वेन म्हणाला. मी सांगितलं, हे माझं नाहीच मुळी, आईकडून आलंय. आई अजून आहे का, असं त्यानं लगेच विचारलं. मला बाई कौतुक वाटलं त्याचं.

२१ ऑगस्ट, बुधवार

मायरिकला बातमी सांगितली. तिला कळतं सगळं, फक्त बोलता येत नाही. मागच्या वर्षी झटका आला, तेव्हा उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेली. आम्हा आर्मेनियन बायकांच्या तोंडी एक बोलणं असतं, 'तुझी इडापिडा मला लागो'. मायरिक ते उठता-बसता म्हणायची. मला ठेच लागो, बस चुको, ठरलेलं लग्न मोडो, तिचं आपलं तेच. आता तेही नाही. पण मी मोठ्यानं हसले की तिच्या आतून काहीतरी उसळतं आणि तिचं जुनं हसू बाहेर पडतं, पत्र्यावर अक्रोड ओतल्यासारखं. खालच्या मजल्यावरची हासमिक म्हणते, तुमचं हसू ऐकलं की कळतं दोघी जिवंत आहात. आमच्या दोघींत बोलणं म्हणून तेवढंच उरलंय, आणि मला ते पुरतं.

आज रिकाम्या खुर्च्यांसमोरची तालीम पाहिली. गंमत म्हणजे प्रत्येक विनोदानंतर नट थांबतात. प्लंबरच्या बायकोचं काम करणारी मार्लीन तर कमरेवर हात ठेवून शांतपणे उभी राहते. ड्वेननं सांगितलं की या धंद्याचा पहिला नियमच तो आहे. हसू संपेपर्यंत पुढचं वाक्य बोलायचं नाही, नाहीतर वाक्य बुडतं. मी मार्लीनला विचारलं, खुर्च्या रिकाम्या असताना किती थांबायचं हे कसं कळतं? ती म्हणाली, संपेपर्यंत थांबते. मी हसले, ती हसली नाही.

२४ ऑगस्ट, शनिवार

काल पहिलं चित्रीकरण झालं. मी अशी हसले की शेजारच्या पर्यटकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मधल्या वेळात सगळ्यांना पिझ्झा वाटला, थंड होता, तरी खाल्ला. ध्वनी सांभाळणाऱ्यांनी काचेमागून अंगठा दाखवला. बसमध्ये सिंहासनावर बसल्यासारखी बसून घरी आले.

सकाळी मायरिकला प्लंबरची नक्कल करून दाखवली आणि हसायला गेले, तर नुसता वारा निघाला. घसा बसलाय. मीठपाण्याच्या गुळण्या केल्या.

३१ ऑगस्ट, शनिवार

घसा ठणठणीत आहे. हासमिकशी भाजीवरून भांडले, आवाज रस्त्यापर्यंत गेला. काल स्टुडिओतही पोटभर हसले. पण घरात हसायला गेले की तोंड उघडतं, खांदे हलतात आणि आवाजच येत नाही. मायरिक माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग तिनं मान भिंतीकडे वळवली. दोन शनिवार ती हसलेली नाही. मला भीती वाटतेय. आणि भीतीपेक्षा रागच जास्त येतोय.

४ सप्टेंबर, बुधवार

आज तालमीला दाराशी कॉफी घेऊन उभी होते. खुर्च्या रिकाम्या. प्लंबरनं विनोद केला.

तिसऱ्या रांगेतून मी हसले.

मी म्हणजे मी नव्हे. माझ्या तोंडात कॉफी होती. पण हसू माझंच होतं, शेवटी श्वास अडकतो तेवढ्यासकट. मार्लीन ते संपेपर्यंत थांबली आणि मग पुढचं वाक्य बोलली. कोणी मान वळवून बघितलंसुद्धा नाही. म्हणजे इतकी वर्षं हे लोक उगाच थांबत नव्हते.

मी ड्वेनची कॉलर धरली. माझी वस्तू परत दे म्हटलं. त्याला राग आला नाही की नवलही वाटलं नाही. एकदा माइकनं घेतलेलं हसू सुटत नाही, म्हणाला. पण ते ज्याच्याकडून आलं त्या माणसानं समोर बसून ऐकलं तर कदाचित ओळखीनं परत जाईल. शुक्रवारी आईला आण. चाकाच्या खुर्चीसाठी उतार आहे.

आणीन. घाबरून घरी बसणार नाही. मी काही लोणी लावलेली पोळी नाही, की कुणीही उचलावी आणि खावी. आमच्या घरचं आहे ते. मी ते घेऊन येणार.

७ सप्टेंबर, शनिवार, सकाळ

लिहिते. सगळं लिहून ठेवते.

काल मायरिकला निळा झगा घातला, केस विंचरले. तिसरी रांग. पहिलाच प्रसंग, घरात पाणी तुंबलंय, प्लंबर रडतोय. मी ओठ मिटून बसले होते. वरच्या माइकमधून माझं हसू आलं.

मायरिकनं मान वर केली. तिचा चेहरा — लहानपणी मी शाळेतून यायचे तेव्हाचा. आणि ती हसली. तिचं खरं हसू, सगळ्या हसण्यांची आई. मला रडू फुटलं. परत मिळालं, असं वाटलं.

मग ते थांबेना. वरचा माइक हळूहळू खाली येत होता. मार्लीन कमरेवर हात ठेवून उभी. प्लंबर उभा. कॅमेरावाले, ड्वेन, सगळे — वाट बघत. मायरिकचे ओठ निळे पडले. डोळे हसत नव्हते. डोळे माझ्याकडे मदत मागत होते.

तेव्हा कळलं. यांना माझं हसू नकोच होतं, मायरिकचं हवं होतं. मी फक्त रस्ता होते.

मी ओरडले, बोला पुढचं वाक्य. ड्वेन म्हणाला,

"हसू चालू असताना कोणी बोलत नाही, बाई. आम्हाला घाई नाही."

मला वाक्य पाठ होतं. आठवडाभर ऐकलं होतं. मी खुर्चीवर उभी राहिले आणि मार्लीनचं वाक्य मीच बोलले, पार छताला ऐकू जाईल असं.

"आधी पाणी बंद कर, मग रड!"

हसू तुटलं. मायरिकनं श्वास घेतला. सगळे चेहरे माझ्याकडे वळले आणि थांबले — आता मी पुढे काय बोलते म्हणून. मी मायरिकची खुर्ची ढकलत उतारावरून बाहेर आले. रात्रभर मायरिक शांत झोपली. मी जिंकले.

दुपार

स्वयंपाकघरात. ऊन आहे. शेगडीवरचे डोलमे, भातानं भरलेली पानं, करपले.

मायरिक जागी झाली. कॉफी ठेवताना मी गप्प झाले. मागून मायरिक हसायला लागली. तेच. ओठ निळे.

मी बोलले — थांबलं. गप्प बसले — पुन्हा.

म्हणून बोलत राहिले. सकाळपासून. भाज्यांची नावं, पावांची नावं, मेलेल्या आत्यांची नावं. ड्वेनला शिव्या. हासमिक डॉक्टरला आणायला गेली. अजून नाही आली.

आवाज गेला. पार गेला. नुसती हवा.

पण लिहिलेलंही चालतं. पेन कागदावर आहे तोवर ती श्वास घेतेय. म्हणून लिहिते.

पुढचं वाक्य. हसतील त्यांचे दात दिसतील.

पुढचं. मी हरलेली नाही. हात दुखतोय, दुखू दे.

पुढचं. भिंतीत कोणीतरी थांबलंय. कमरेवर हात ठेवून. थांबा की. माझ्याकडे वाक्यं पुष्कळ आहेत.

पुढचं. जिन्यात पाऊल वाजलं — नाही. हासमिक नाही.

शाई फिकी — दाबून लिहिते —

मायरिकचा डावा हात माझ्या मनगटावर आलाय. माझ्या सुजलेल्या बोटांकडे बघतेय ती. मान हलवतेय. पुरे म्हणतेय.

नाही.

पेन ओढतेय. हसतेय डोळ्यांनी — खरं हसतेय. जन्मभर दुसऱ्याचं दुखणं ओढून घ्यायची सवय, जाणार कशी —

सोड मायरिक. सोड. या वेळी माझी पाळी. तुझी इडापिडा मला