उपाशी मका

बर्चफोर्ड, २० जून १९११

चि. ओस्मुंडला रागनाताईचे अ. उ. आ., आणि सोबत थोडी काळजीही.

बाबा काल तुझ्याकडून परतले ते शीळ घालतच. सरकारने दिलेल्या माळावर तुमच्या शेतकी कॉलेजची एकच इमारत होती, तेव्हा ‘पुस्तकं वाचून कुठं शेती होते?’ म्हणून हसणारा हा माणूस! आता तुमच्या नऊ इमारती शेजाऱ्यांना बोटांवर मोजून दाखवतोय. पण जेवताना म्हणाले, पोराचं सगळं छान, फक्त रस्त्याकडेच्या एका तुकड्यातला मका पिवळा पडलाय, गुडघ्याच्या वर जातच नाही. येणारे-जाणारे हसत होते. लेकाच्या राखणीतलं पीक असं उपाशी त्यांना बघवेना. म्हणून रविवारी तुम्ही सगळे चर्चमध्ये असताना त्यांनी तुमच्याच गोठ्यामागचं शेणखत गाडीत भरलं आणि सऱ्यांमधून पसरून दिलं! जन्मात पहिल्यांदा चर्च चुकवलं, तेही तुझ्यासाठी. तुला म्हणे मुद्दामच सांगितलं नाही, मका हिरवा झाला की कळेलच. मला मात्र शंका आली. हे तिथे चालतं ना रे? लगेच कळव.

वाट बघणारी,
ताई

कॉलेजचा मळा, २४ जून

ती. रागनाताईस सा. न. वि. वि.

सोमवारी सऱ्यांत दिसलेलं खत कोणी टाकलं ते तुझ्या पत्रातूनच कळलं. अगं, तो तुकडा मुद्दाम उपाशी ठेवलाय! पहिल्या इमारतीच्या भिंतीही चढल्या नव्हत्या तेव्हा आखलेला. एकोणतीस वर्षं नुसता मका, खताचा कणही नाही. शेजारच्या तुकड्याला खत मिळतं. दोन्हींतला फरक दाखवूनच आम्ही शेतकऱ्यांना पटवतो की नुसतं घेत राहिलं तर जमीन संपते. त्या तुकड्याची राखण हीच माझी नोकरी. ऑगस्टमध्ये विधिमंडळाची माणसं येणार आहेत, कॉलेजचं विद्यापीठ करायचं की नाही ते ठरवायला. त्यांना सगळ्यात आधी हाच तुकडा दाखवायचा होता.

प्राध्यापक किट्रेजना वाटतं, पाहुण्यांपुढे शोभा नको म्हणून खत मीच टाकलं. मी गप्प राहिलो. बापाचं नाव कसं घेऊ? पेपरवाले त्यांचं हसं करतील. महिनाअखेर मला नोकरी सोडून निघावं लागणार. जेवण जात नाही, खोलीत नुसत्या येरझाऱ्या चालल्यात. बाबांना यातलं अक्षरही सांगू नकोस, तुला माझी शपथ.

तुझा बेकार होऊ घातलेला भाऊ,
ओस्मुंड

बर्चफोर्ड, २७ जून

चि. ओस्मुंडला अ. आ.

शपथ मोडली. रागव हवा तेवढा. बाबांनी आधी ‘मुद्दाम उपाशी?’ असं पुन्हा पुन्हा विचारलं. जमिनीला जाणूनबुजून उपाशी ठेवणारी माणसं असतात हे त्यांच्या डोक्यातच शिरेना. मग तुझ्या नोकरीचं ऐकलं आणि चमचा खाली ठेवला. आज सकाळी लग्नातला काळा कोट चढवून आगगाडीला गेले. बोलले एवढंच, माझ्या शेणाचा वास पोराच्या अंगाला कशाला? हे पत्र आणि ते एकाच गाडीत असतील. त्यांच्याबरोबर लेफ्सेच्या पोळ्या दिल्यात, बटाट्याच्या आहेत, मऊ आहेत तोवर दोघं खा. आणि मोठा आलाय बापाची अब्रू राखणारा! तू उपाशी फिरलास तर आमची अब्रू वाढणार होती का?

तरीही तुझीच,
ताई

कॉलेजचा मळा, १ जुलै

ती. ताईस सा. न.

नोकरी राहिली! तुकडा मात्र गेला. बाबा टोपी हातात घेऊन साहेबांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, खत मी टाकलं, पोराला ठाऊक नव्हतं. किट्रेजसाहेब ओरडले नाहीत. खुर्चीत बसले, चष्मा काढला आणि म्हणाले, एकोणतीस वर्षं होती हो ती. ते ऐकून बाबा जे रडले, ताई, आई गेली तेव्हाही मी त्यांना असं पाहिलं नव्हतं.

मग डोळे पुसून म्हणाले, माझं ओढ्यापलीकडचं शेत घ्या. खताची गाडी तिथे कधी उतरलीच नाही, माळ फोडल्यापासून नुसतं ओरबाडलंय, जिल्ह्यात त्याहून वाईट जमीन सापडायची नाही. चारचौघांत ज्या शेताचं ते नावही काढत नसत, तेच! साहेबांनी उठून हात पुढे केला. पाहुण्यांनाही सगळं खरं सांगणार म्हणाले. कॉलेजचा पहिला बाहेरगावचा तुकडा आता आपल्याकडे. मला अजून धड हसूही येत नाही.

तुझा,
ओस्मुंड

बर्चफोर्ड, १४ जुलै १९१२

चि. ओस्मुंड यास बाबांचे अ. उ. आ.

तुमचं विद्यापीठ झालं, बरं झालं. ओढ्यापलीकडचा मका गुडघ्याला लागला आणि तिथेच थांबलाय. तुम्ही पाटी लावलीत, तीवर आपलं आडनाव एवढं ठळक, की लोक पुलावर गाड्या थांबवून वाचतात. काल शेजारच्या टोर्गरने विचारलं, हाल्वोर, शेण संपलं की काय तुझ्याकडचं? मी म्हटलं, संपलं.

पोटात तुटतं रे. रागनाने फावडं लपवलंय. वेडी आहे, मी हात लावणार नाही. हे किती वर्षं चालायचं ते मी साहेबांना विचारलं नाही, तूही मला सांगू नकोस. माझी सत्तरी आली. उद्या हे शेत तुझ्या नावावर होईल, पाटी वाचून लोक मला हसतील, आणि तुला बापाची दया येईल. आली तरी एक टोपलीसुद्धा टाकू नकोस.

लोभ आहेच.

तुझे,
बाबा