हयातीचा दाखला

६ ऑक्टोबर, रिसोड

पोहोचले एकदाची, आणि प्रसन्न मनाने पोहोचले. अकोल्याहून एसटीत खिडकीशी जागा मिळाली. शेताशेतात सोयाबीनच्या गंजी, मार्केट यार्डाच्या बाहेर ट्रॅक्टरांची रांग, हवेत मळणीचं कुटार. मला कामाला ठेवणाऱ्या उकंडरावांचं घर लोणार रस्त्याला, अगदी शेवटच्या वस्तीत. मला दिलेली खोली कोरडी, स्वच्छ. पूर्वेला खिडकी, आणि कडी आतून नीट लागते. एकट्या बाईला आणखी काय हवं?

निघताना भावाला, संघदीपला, स्पष्ट सांगितलं की आता तुझ्या उंबऱ्यावर येईन ती पाहुणी म्हणून. सारी उमर ज्युनिअर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेल्या बाईने भावजयीच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकत म्हातारं होऊ नये. पेन्शन आहे, पाय धड आहेत आणि काम माझ्या विषयातलं आहे: समुद्री मासे वाढवायचे. तेही वाशिम जिल्ह्यात! ऐकून भावजय हसली होती. हसू दे.

उकंडराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. बोलणं मऊ, मला जरा जास्तच मऊ वाटलं. एवढ्या उकाड्यात हातात सुती मोजे. चामडीचा आजार आहे म्हणाले. मागच्या खोलीत त्यांची बहीण सुंदरबाई असते. दार अर्धवट उघडं होतं. तोंडावर पदर ओढून खुर्चीत बसली होती. ती बिमार राह्यते, तिच्याकडे ध्यान देऊ नका, असं त्यांनी बजावलं. दुसऱ्यांच्या बहिणींकडे ध्यान देण्याची मला सवय नाही.

९ ऑक्टोबर

काम समजून घेतलं. पुढच्या खोलीत मोठी काचेची टाकी, तिच्यात बोटाच्या दोन पेरांएवढे गोबी मासे. काळं अंग आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत विजेसारखा निळा पट्टा. तळाशी प्लास्टिकच्या नळीचे तुकडे टाकले आहेत, त्यांत ते अंडी घालतात. पुण्याहून आलेलं मीठ गाळलेल्या पाण्यात विरघळवून समुद्र तयार करायचा. उन्हाने पाणी आटतं, मीठ मागे राहतं. म्हणून रोज वरून फक्त साधं पाणी घालायचं. खिडकीत हिरव्या पाण्याच्या बाटल्या आहेत, त्यांत डोळ्यांना न दिसणारे जीव वाढतात. पिल्लांचा तो पहिला घास. पिल्लं मोठी झाली की नागपूरच्या दुकानांत जातात.

एक काम मात्र मला नवीन होतं. चारा घातल्यावर थोडा वेळ हात पाण्यात ठेवायचा. ही जात सफाई करणारी. समुद्रात मोठे मासे यांच्याकडे येऊन थांबतात आणि हे त्यांच्या अंगावरची मेलेली कातडी टिपून खातात. टाकीत मोठा मासा नाही. हात नाही मिळाला तर जोडी अंडी घालत नाही, असं उकंडरावांचं म्हणणं. शास्त्राला धरून वाटलं. घड्याळ वर सारलं आणि हात घातला. आले लगेच. मांजरीच्या जिभेसारखा बारीक खरखरीत स्पर्श. एक मासा उजव्या अंगठ्यावरच्या तिरप्या व्रणावर बराच वेळ रेंगाळला. बेडकाचं विच्छेदन शिकवताना पातं लागलं होतं, त्याची खूण आहे ती.

खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

१५ ऑक्टोबर

शेजारी अन्वरी राहते. दारातच मशीन टाकून पिको-फॉल करते आणि तोंडही मशीनसारखंच चालवते. मला मॅडमबाई म्हणते. मासे गोबी जातीचे ऐकून तिने विचारलं, मंग भाजी कायची करता, सुकी का रस्स्याची? पुढे म्हणे, “रिसोडात नळ आठ दिवसांआड येते, अन् या मानसाच्या घरी समिंदर! बाप्पा, समिंदराले तरी मालूम हाय काय थो इथं येऊन राह्यला म्हून?”

माझ्याआधी इथे निता नावाची बाई होती, हेही तिच्याकडूनच कळलं. माझ्यासारखीच एकटी. रोज या दारावरून जायची, इथे बसून चहा प्यायची. दिसायला कशी होती विचारलं, तर अन्वरीची मशीन थांबली. “नाव ध्यानात हाय. पन तोंडच ध्यानात येऊन नाही राह्यलं, मॅडमबाई. काहून असन?”

बायका बोलतात फार आणि बघतात कमी.

२४ ऑक्टोबर

अंडी दिली. नळीच्या आत छताला चिकटलेली, तांदळाच्या कणीसारखी. नर दारात बसून परांनी वारा घालतो, खराब अंडं दिसलं की खाऊन टाकतो. पोरांच्या बापांनी पाहण्यासारखं आहे.

माझ्या हातावरचे वयाचे तपकिरी डाग गेले. मनगटावरचा मसही गेला. फुकटची सफाई! आता डावा हातही घालते. नाही घातला तर दिवसभर खाजतो.

४ नोव्हेंबर

आजचा दिवस फुकट गेला. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बाजारातल्या सेवा केंद्रावर गेले. आपण जिवंत आहोत हे दर वर्षी सरकारला अंगठ्याने सांगावं लागतं. मशीनने अंगठा घेतला नाही. मग दुसरा. मग एकेक करून सगळी बोटं. केंद्र चालवणारा फुरकान हसून म्हणाला, “मॅडम, भांडे लय घासले वाट्टे जिंदगीत!” मी त्याला सुनावलं की मी भांडी नाही, तुझ्यासारखी पोरं घासली. रांगेतली माणसं हसली. त्याने नरमाईने सांगितलं की म्हातारपणी ठसे झिजतात, काळजी नको, मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो. पण आज सर्व्हर बंद आहे, नंतर या.

घरी येऊन भिंग काढलं. अंगठा काचेसारखा गुळगुळीत. एक रेघ नाही.

तिरपा व्रणसुद्धा नाही. तो व्रण खोल होता. खोल व्रण झिजत नसतात.

६ नोव्हेंबर

अंडी फुटली. दिवा बंद केला की पिल्लं बाहेर पडतात आणि उजेडाकडे धावतात. म्हणून एका कोपऱ्यात बॅटरी लावायची आणि तिथून त्यांना अलगद दुसऱ्या भांड्यात ओढायचं. बॅटरी लावली. एकही पिल्लू तिकडे गेलं नाही. सगळी टाकीच्या दुसऱ्या टोकाला, अंधारात, ढगासारखी गोळा झाली.

तिथे काचेवर माझा हात टेकलेला होता.

हात सरकवला. ढग सरकला.

उद्यापासून हात घालणं बंद.

११ नोव्हेंबर

हात पाण्यात घातलेला नाही. खाज मानेपर्यंत आली आहे. सकाळी उशीवर मिठाचा पांढरा थर होता.

पिल्लं हिरवं पाणी खात नाहीत. पाणी जसंच्या तसं हिरवं आहे, आणि पिल्लं वाढत आहेत. कशावर वाढत आहेत? महिन्याचं वाढणं पाच दिवसांत उरकलं आहे, अंगावर पट्टेही उमटले. सरळ पट्टा नाही. भिंग लावून पाहिलं. निळ्या बारीक रेघा, एकीत एक, गोल फिरत गेलेल्या. प्रत्येकाच्या कुशीवर एक भोवरा.

आणि भोवऱ्याला कापत गेलेली एक तिरपी रेघ.

ही खूण मला पाठ आहे. बत्तीस वर्षे खडू धरताना मी ती पाहिली आहे.

१३ नोव्हेंबर

उकंडरावांना सरळ जाब विचारला. त्यांनी वाद घातला नाही. मोजे काढले. दोन्ही पंजे गव्हाच्या पिठाच्या उंड्यासारखे, नखं नाहीत, रेघा नाहीत. म्हणाले, अगुदर शौक होता, मंग त्यायले लत लागली. दोन्ही हात देले, पन पुरते काय? मंग मानूस ठेवा लागलं. एकटं मानूस पाहून ठेवा लागते, विचारनारं कोनी नाही पाह्यजे. हे सगळं त्यांनी दूधवाल्याचा भाव सांगावा तसं सांगितलं.

मी त्यांना म्हटलं, मला विचारणारा भाऊ आहे. ते नुसते हसले.

मग मी ठरवलं. समुद्री मासा साध्या पाण्यात मरतो. त्यात अवघड काही नाही. बादली भरली आणि उचलली. पाणी हिंदकळून पायांवर पडलं आणि पाय भाजले. साध्या, थंड, नळाच्या पाण्याने. बादली हातातून सुटली. आग पायांतून वर चढत गेली, तोंडापर्यंत. आणि शांत करणारं पाणी एकच होतं, समोर.

किती वेळ गेला माहीत नाही. शुद्धीवर आले तेव्हा टाकीच्या काठाला धरून वाकलेली होते. तोंड पाण्यात. ते माझ्या पापण्यांवर होते.

आणि मला — लिहायला लाज वाटते — तोंड बाहेर काढावंसं वाटत नव्हतं.

१५ नोव्हेंबर

फुरकानकडे गेले. त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला. पुन्हा धरला. मला उजेडात बसवलं, चष्मा काढायला लावला. मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. चेहरा आढळला नाही.

तो हसला नाही. माझ्याकडे बघतही नव्हता. माझ्या मागच्या बाईला म्हणाला, या चाची, नंबर तुमचाच हाय.

परतताना अन्वरीच्या दारात थांबले. तिने वर पाहिलं आणि विचारलं, “काय पाह्यजे बाई? पिको का फॉल?” मी म्हटलं, अन्वरी, मी. मॅडमबाई. ती थोडी मागे सरकली. म्हणाली, मॅडमबाई तं लय दिवसांपासून दिसल्या नाही.

संघदीपला फोन केला. म्हटलं, ये, आत्ताच्या आत्ता ये, मला घेऊन जा. उंबरा, पाहुणी, सगळं मागे घेते. तो रविवारी येतो म्हणाला. आवाज ओळखला त्याने. आवाज अजून आहे.

१७ नोव्हेंबर

संघदीप आला.

मी पिशवी भरून दारातच उभी होते. त्याने चप्पल काढली, माझ्याकडे पाहिलं. लहान असताना मी कडेवर घेतलेलं पोर ते. त्याने हात जोडले आणि विचारलं, “मावशी, रुख्मिणीताई आहे का घरात?”

मी बोलले. बोलले, असं मला वाटलं. ओठ सुटले नाहीत. दोन्हींच्या मध्ये फट लागेना.

त्याचा हात धरला. त्याने तो दचकून सोडवला आणि पँटीला पुसला. मीठ लागलं होतं.

उकंडराव आतून आले. मऊ आवाजात म्हणाले, मॅडम काल सकाळीच गेल्या, जऊळक्याच्या टेसनावरून गाडी पकडतो म्हने. तुमाले नाही सांगतलं? लय तापट बाई. संघदीप म्हणाला, हो, ताई तशीच आहे. रागात कुठेही निघून जाते. आणि मग माझ्याकडे बघत त्याने हळूच विचारलं, या कोण?

माही बहीण, ते म्हणाले. सुंदरबाई. बिमार राह्यते.

माझा भाऊ चहा पिऊन गेला.

२० नोव्हेंबर

मागच्या खोलीत आणून बसवलं. कोणी ओढलं नाही. मीच चालत आले. उजेड टोचतो.

इथे ती असायला हवी होती. पहिली सुंदरबाई. निताच असणार ती. खुर्ची रिकामी. खुर्ची ओली, मिठाने पांढरी. खोलीतून पुढच्या खोलीपर्यंत ओला माग — पावलांचा नाही.

टाकीत आज एक मासा जास्त आहे. मोठा आहे. नळीत मावत नाही. पिल्लं त्याला सोडत नाहीत.

तारीख कळत नाही

पेन धरवत नाही. घसरतं. मुठीत धरून लिहिते.

डावा डोळा गेला. उजव्याची फट आहे.

पुन्हा पाण्यापाशी गेले. मी नाही गेले — पाय गेले. खाज थांबते. थांबते तेवढा वेळ —

नाव लिहून ठेवते. रुख्मिणी. रुख्मिणी तायडे. प्राणिशास्त्र. नाव त्यांना खाता येत नाही. नाव —

नंतर

ऑटो थांबला. बाईचा आवाज. हसरा. बस वेळेवर मिळाली म्हणते. खोली छान आहे म्हणते. कडी लावून पाहते आहे.

दार अर्धं उघडं. तिने आत पाहिलं. मला. पदर कोणी ओढला माझ्या तोंडावर? मीच —

माही बहीण, तो सांगतो आहे. तिच्याकडे ध्यान नका देऊ.

उठते. उठायला हवं. तोंड नाही पण हात आहेत, दार वाजवता येईल, टाकी फोडता —

अय्या, किती सुंदर, ती म्हणते. चावत नाहीत ना?

उठले. भिंत धरून. दार —

ती बांगड्या वर सारते आहे. पाण्यात